लाल ठिपक्यावरची तीट

१

दिनांक १७ जानेवारी २०२५, शुक्रवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. मुक्काम सारसटोला, नवेगाव बांधापासून दोन कोस, जिल्हा गोंदिया. या दिवशी, या वेळी, येथील सेवाभावी प्रसूतिगृहात, आदल्या दिवशी जन्मलेली, एक किलो सहाशे ग्रॅम वजनाची, अद्याप नाव न ठेवलेली मुलगी मृत आढळली.

एवढा मजकूर परिचारिका शकुंतलाबाई परशुरामकर यांनी स्वतःच्या हाताने नोंदवहीत लिहिला आणि सही करताना त्यांचे पेन कागदातून आरपार गेले.

मुलीच्या आईचे नाव रेणू. दिवसभर तिने लेकराला छातीशी धरून ऊब दिली होती. पहाटे अडीच वाजता तिला थंडी वाजून ताप भरला, म्हणून बाईंनी मूल वॉर्मरवर ठेवले. वॉर्मर म्हणजे उघडा पाळणा. त्याच्या डोक्यावर तापणारी दांडी असते आणि बाळाच्या अंगाला चिकटवलेल्या तारेवरून यंत्र ती ऊब कमीजास्त करते. ऊब तुटली तर गजर झाला पाहिजे. गजर झाला नाही. दर पाव तासाला बाईंनी नोंद केली होती: 'गरम. दिवा चालू.' अशा नऊ नोंदी होत्या आणि शेवटची साडेचारची होती. त्यानंतर दुसऱ्या खोलीत एक बाई अडली. तिला मोकळी करून शकुंतलाबाई परतल्या तेव्हा दांडी विझली होती आणि मूल धानाच्या बांधीतल्या चिखलासारखे गार पडले होते.

नऊ वाजता प्रसूतिगृहाच्या समितीचे अध्यक्ष कुंजीलाल तुरकर आले. त्यांनी बटण दाबले. दांडी तत्काळ लाल झाली. पाव तास ती तशीच लाल राहिली. मग त्यांनी सर्वांदेखत निर्णय उच्चारला: "मशीन तो एकदम ठीक आहे. बाईनं बटण दाबलंच नाही. नऊच्या नऊ नोंदी मागून लिहिल्या."

मंगळवारी समिती बसायची होती. बाईंना काढायचे, पोलिसांत तक्रार द्यायची, एवढाच विषय होता. एकतीस वर्षांच्या नोकरीचा शेवट त्या दोन ओळींत व्हायचा होता.

शनिवारी सकाळी केवळराम डोंगरवार यांच्या अंगणात शकुंतलाबाई येऊन उभ्या राहिल्या. केवळराम त्रेसष्ट वर्षांचे होते. चौतीस वर्षे परमुलखातल्या एका कारखान्यात त्यांनी विमानात बसणारे सर्किट बोर्ड तपासले होते आणि निवृत्त होऊन ते गावी परतले होते. तपासणीची सवय त्यांच्या स्वभावात इतकी मुरली होती, की पाहुण्याने 'साखर बेताची' म्हटले तर ते 'बेत कोणता?' असे विचारत. गावात त्यांच्याशी वाद घालायला कोणी धजत नसे आणि त्यांना मात्र वादावाचून अन्न पचत नसे. त्यांच्या दोन्ही नातवंडांची नाळ शकुंतलाबाईंनी कापली होती.

"बसा," ते म्हणाले.

"बसत नाई, भाऊजी. मले वाचवा, असं सांगाले नाई आली मी," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे कोरडे होते आणि तेच बघवत नव्हते. "फक्त एक सांगा. मी बटण दाबलं का नाई? मले आठवते, दाबलं म्हणून. पण चार माणसं म्हणून राहिली नाई दाबलं, तं आता माझाच भरोसा माझ्यावर नाई राहिला. विसरली असन तं विसरली म्हणा. पण कोणीतरी नक्की सांगा."

केवळरामांनी खुंटीवरचा कोट काढला. त्यांना एक गोष्ट उमगली होती: या बाईला सुटका नको होती, उत्तर हवे होते. आणि उत्तर देणे हा त्यांचा जन्माचा धंदा होता.

प्रसूतिगृहाच्या दारातच वॉर्मरच्या लोकार्पणाची तसबीर टांगलेली होती. २०२२ च्या डिसेंबरात गोंदियाच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'दीपांकुर' या सर्किट कारखान्याच्या कामगारांनी हे यंत्र भेट दिले होते. तसबिरीत अकरा बाया उभ्या होत्या. त्यांना बोर्ड पारखायला ज्यांनी शिकवले ते केवळरामही मधोमध होते, गळ्यात हार आणि चष्मा हातात. शेजारी चौकटीत यंत्राचे तपासणी-पत्र होते. वाळलेल्या झेंडूची माळ त्याच्या शेवटच्या ओळीवर लोंबत होती. खाली सही कोणाची, हे केवळरामांना वाचावे लागले नाही. ते आत गेले.

२

त्यांनी स्वयंपाकघरातून तांदूळ मागवले, तराजूवर एक किलो सहाशे ग्रॅम तोलले, धुवट लुगड्याच्या तुकड्यात गाठोडे बांधले आणि वॉर्मरवर ठेवले. यंत्राची तार त्या गाठोड्याला चिकटवली. बटण दाबले. दांडी लाल झाली.

"पाहा," दारातून कुंजीलाल म्हणाले. "मी कालच पाहिलं. चलतंय."

"आपण किती वेळ पाहिलंत?"

"पाव तास. बहोत झाला की."

"लग्नाला मुलगी पाहायला गेलात तर पाव तासात हो म्हणता का, कुंजीलालजी?"

"आमच्या वेळेस तं पाचच मिनटं पाहू दिलं होतं, बाप्पा," कुंजीलाल म्हणाले, "अन् चाळीस वर्षं झाली, निभून राहिलं." शकुंतलाबाई सोडून सगळे हसले. केवळराम मात्र स्टुलावर बसले आणि त्यांनी घड्याळ मांडीवर ठेवले.

अर्धा तास गेला. एक तास गेला. कुंजीलाल चहाला गेले आणि परत आले. पावणेदोन तासांनी यंत्राच्या डोक्याशी असलेला पत्र्याचा डबा हाताला चांगलाच कढत लागू लागला. त्याच डब्यात यंत्राचा मेंदू, म्हणजे सर्किट बोर्ड होता; गजरही त्याच बोर्डावर चाले. दोन तास झाले. शकुंतलाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

दोन तास दहा मिनिटांनी दांडी विझली.

आवाज झाला नाही. गजर झाला नाही. दिवे सगळे एकदम मालवले आणि तांदळाचे गाठोडे उघड्यावर पडून राहिले.

"अडीचला ठेवलं," केवळराम हळू म्हणाले. "त्यात दोन तास दहा मिनिटं मिळवा. चार चाळीस. तुमची शेवटची नोंद साडेचारची, बाई. ती खरी होती. नऊच्या नऊ खऱ्या होत्या. तुम्ही पाठ फिरवल्यावर दहा मिनिटांनी हे विझलं. हे एकदा विझलं की बटण दाबल्यावाचून पुन्हा लागत नाही. आणि थंड झाल्यावर बटण दाबलं की भल्या माणसासारखं लागतं."

शकुंतलाबाई भिंतीवरून सरकत खाली बसल्या. सुटकेने माणसे हसतात असे केवळरामांनी ऐकले होते. बाईंनी पदर तोंडात कोंबला आणि त्या रडल्या. "म्हणजे मी नाई विसरली," त्या म्हणत होत्या, "मी नाई विसरली. पण मी पाठ फिरवली."

"पण दोन वर्षं हे कसं चाललं?" कुंजीलाल गडबडले. "एक्केचाळीस लेकरं ठेवली यावर!"

"किती वेळ ठेवली?"

"जन्मल्यावर अर्धा तास, एक तास," बाई म्हणाल्या. "मग आईजवळ देतो. इतका वेळ हीच पहिली."

केवळरामांनी डबा उघडला आणि बोर्ड खिडकीच्या उजेडात धरला. या विषयाची गोम इथे वाचकाला सांगितली पाहिजे. सर्किट बोर्डांचे तीन वर्ग असतात. खेळणी आणि बॅटऱ्या यांचे ते वर्ग एक. बिघडले तर बिघडले. भात शिजवण्याचे कुकर, पंप, टीव्ही यांचे वर्ग दोन. त्यांनी दीर्घकाळ चालावे, पण एखादे दिवशी अडले तर माणूस कपाळाला हात लावतो आणि दुरुस्तीला नेतो. ज्याच्या थांबण्याने जीव जातो, त्याचा वर्ग तीन. वर्ग तीनला एकच अट असते: ज्या क्षणी हवे, त्या क्षणी चालले पाहिजे. तिन्ही वर्गांचे बोर्ड दिसायला जुळ्या भावंडांसारखे असतात. फरक असतो तो बोर्डाच्या बारीक भोकांच्या आत, एका बाजूची वीज दुसऱ्या बाजूला नेणाऱ्या तांब्याच्या भिंतीच्या जाडीत. ती भिंत बारीक असेल तर तापल्यावर बोर्ड फुगतो, भिंत तडकते, वीज तुटते. गार झाल्यावर तडा मिटतो आणि सारे पूर्ववत होते.

हिरव्या बोर्डाच्या एका कोपऱ्यात केवळरामांना ब्लेडने खरवडल्याची खूण दिसली. भिंग लावल्यावर खरवडलेल्या जागेच्या कडेला लाल रंगाचा एक कण चिकटलेला आढळला. लाल ठिपका म्हणजे नापास. 'दीपांकुर'मध्ये ही रीत त्यांनीच घालून दिली होती.

म्हणजे नाकारलेला बोर्ड कोणीतरी जाणूनबुजून पास केला होता.

पण खरवडलेल्या जागी आणखी काहीतरी होते. काळा, वाटोळा, बोटाच्या टोकाएवढा डाग. जळाल्याची खूण असावी म्हणून त्यांनी त्यावर बोट फिरवले. बोटाचे टोक काळे झाले. त्यांनी ते नाकाशी नेले. जुने तूप आणि कापूर.

चौतीस वर्षांत बोर्डावर त्यांनी धूळ पाहिली होती, घाम पाहिला होता, एकदा मुंगी पाहिली होती. काजळ पाहिले नव्हते.

३

सोमवारी 'दीपांकुर'चे व्यवस्थापक धनेंद्र बिसेन यांनी केवळरामांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि बोर्ड पाहताच चहा परत पाठवला.

"हा आमचा नाही," ते म्हणाले.

"आकड्यांची ओळ तुमची आहे. २०२२ च्या सप्टेंबरची तुकडी."

धनेंद्र उठले. मग त्यांनी कपाट उघडून त्या तुकडीचा कागद काढला. बोर्डांच्या प्रत्येक पत्र्यावर कडेला एक नमुना-पट्टी ठेवलेली असते. ती कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली भिंतीची जाडी मोजतात. या तुकडीची भिंत अठरा मायक्रॉन निघाली होती. वर्ग तीनला कुठेही किमान वीस लागते. आठ बोर्ड नापास झाले होते.

"दोन मायक्रॉन!" धनेंद्र म्हणाले. "सर, माणसाच्या केसाचा पस्तिसावा हिस्सा. वर्ग दोनला हेच बोर्ड पास झाले असते. पण आम्ही आठही कापले. दोन दोन तुकडे केले. नियम म्हणजे नियम."

"तर मग आठवा माझ्या हातात कसा?"

"मनिराम," धनेंद्र पुढे झुकले. "कोठीवाला. मी कुणाची बदनामी करत नाही, लेकिन विचार करा. वीस वर्षं राइस मिलमध्ये होता. तिकडे एक नंबरचा तांदूळ सबसे बढिया, तीन नंबर म्हणजे कणी. इकडे उलटं: तीन सर्वांत वरचा. बिचारा गोंधळला, वरचा वर्ग समजून खालचा माल देऊन बसला. गरीब माणूस, गलती हो गई. त्याला काढून टाकतो, प्रकरण मिटवू."

युक्तिवाद नेटका होता. केवळरामांना नेटके युक्तिवाद आवडत. म्हणूनच ते तोडायलाही आवडत.

"गोंधळलेला माणूस लाल ठिपका खरवडत नाही," ते म्हणाले. "ज्याला तीन नंबर कमी वाटतो, तो नापासाची खूण पुसण्याचे कष्ट का घेईल? ज्यानं पुसली, त्याला ठिपक्याचा अर्थ आपल्याइतकाच ठाऊक होता. आणखी एक विचारतो. भेटीच्या यंत्राला बोर्ड तुम्ही दिला होता का?"

धनेंद्रांनी नजर खिडकीकडे वळवली. "सांगाडा मी दिला. दांडी मी दिली. बाया सात रविवार बिनपगारी राबल्या. बोर्ड मागत होत्या. वर्ग तीनचा एकेक बोर्ड ऑर्डरमध्ये बांधलेला. म्हटलं, मार्चमध्ये ऑर्डर पुरी होऊ द्या, मग देतो. मग डिसेंबरात त्याच म्हणाल्या, बोर्डाची सोय झाली. मी विचारलं नाही." त्यांनी नजर परत आणली. "विचारायला हवं होतं."

कोठी मागच्या बाजूला होती. मनिराम भोयर पोत्यावर बसून तंबाखू मळत होता. केवळरामांना पाहून उठला.

"या गुरुजी. साहेबानं माझं नाव घेतलं असन. घेऊ द्या. पाणी भरणाऱ्याच्याच पायावर पाणी सांडते."

"सप्टेंबर बावीसचे कापलेले तुकडे दाखव."

मनिरामने पोते ओतले. "मोजा. सोळा आहेत. मी मोजून घेतलो होतो."

केवळरामांनी जमिनीवर बसून तुकडे मांडले. डाव्याला उजवा, कापलेल्या कडेला कड. एक जोडी लागली, दुसरी लागली. सात जोड्या लागल्या. उरलेले दोन तुकडे एकमेकांशी जुळत होते, रंगही तोच हिरवा होता. पण ते वॉर्मरचे नव्हते. ते बॅटरीच्या दिव्याच्या बोर्डाचे होते, वर्ग एकचे.

"सोळा मोजलेस. जोड्या लावल्यास का?"

"धानाचं पोतं मोजतात, गुरुजी. दाणे कोण जुळवते?"

"म्हणजे कापण्याआधीच एक बोर्ड बदलला गेला. कापण्याआधी ते कोणाच्या हातात असतात?"

मनिरामने तंबाखू तोंडात टाकली नाही. ती मुठीतच धरून तो पोत्याकडे पाहत बोलू लागला.

"गुरुजी, तुमी तळी बांधणारे कोहळी, तुमची जमीन तळ्याखालची. तुमाले नाई माहीत असन. कापणी झाली का बांधीत लोंबी पडून रायते. ते मालकाचं नसते. ज्याच्या घरी नाई, त्याची बाई येते, सरवा वेचते. पदरभर वेचते अन् लेकराले पेज करून घालते. तिले चोर म्हणते का कोणी? कोणी हटकते का?"

"मनिराम, मी तुला बोर्डाचं विचारतो आहे."

"मी बी त्याचंच सांगून राहिलो," मनिराम म्हणाला. त्याने तोंड फिरवले. "मले काढत असन तं काढू द्या साहेबाले. मी नाव नाई घेत."

केवळराम उठले. नाव घेण्याची गरज उरली नव्हती. नापास बोर्डांवर लाल ठिपका लावण्याचे काम एकाच बाईकडे होते. तिला ते त्यांनीच दिले होते, कारण अकरा जणींत तिचीच नजर सर्वांत स्वच्छ होती.

४

तुलसा कटरे बिरसीला राहत असे. घराच्या मागे धानाच्या बांध्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे विमानतळाचे कुंपण. वैमानिक शिकवणाऱ्या शाळेचे एक छोटे विमान पुन्हा पुन्हा घिरटी घालून उतरण्याचा सराव करीत होते. तुलसा सुपात तांदूळ पाखडत होती. केवळरामांना पाहून तिने सूप खाली ठेवले आणि पदर सारखा केला.

"या गुरुजी. काऊन आले, मले माहीत आहे. तीन दिवस वाट पाहून राहिली मी."

"मग तूच का नाही आलीस?"

"दोनदा निघाली. बस आली का पाय उचलत नाई."

केवळरामांनी खिशातून बोर्ड काढून तिच्यासमोर ठेवला. तिने त्याला हात लावला नाही.

"हा नापास आहे हे तुला ठाऊक होतं."

"मीच केली ना नापास."

"मग?"

तुलसा बोलू लागली. ती हळू बोलत होती, पाखडताना खडा बाजूला काढावा तसा शब्द निवडत होती. सारसटोला तिचे माहेर. पहिल्या बाळंतपणाला ती तिकडे गेली, त्याला आता बावीस वर्षे झाली. मुलगा झाला, कमी दिवसांचा. तेव्हा वॉर्मर नव्हता. दोनशेचा दिवा टांगला होता, कापसात गुंडाळले होते, विटा तापवून आजूबाजूला ठेवल्या होत्या. पौषाचा महिना होता. दुसऱ्या दिवशी लाईन गेली. "सकाळी पाहिली तं ओठ निळे," तुलसा म्हणाली. "शकुंतलाबाईच होत्या तेव्हाही. त्यांनीच माझ्या मांडीवर दिला."

वरून विमान गेले. ती थांबली.

"साहेब म्हणाले मार्चमधी देतो बोर्ड. मार्चमधी थंडी रायते का, गुरुजी? लेकरं तं पौषातच मरते. हे आठ बोर्ड मी ठिपका लावून ठेवले, अन् कापाले न्यायचे होते. पाहिले तं चकचकीत. टेस्ट लावली, पास. फक्त दोन मायक्रॉनचा फरक. वाटलं, हे कापणं म्हणजे भरल्या ताटाले लाथ मारणं आहे. मी लहानपणी सरवा वेचून मोठी झाली. पडलेलं उचलाची सवय आहे हाताले."

"आणि काजळ?"

तिचा चेहरा प्रथमच मोडला. "ठिपका खरवडला तं जागा उघडी दिसे. चांगलं नाई वाटलं. घरी तुपाच्या दिव्यावर काजळ धरलं होतं, ते लावलं. म्हटलं, याले नजर नको लागू. लेकरांजवळ राहणार आहे ना तो."

केवळरामांनी डोळे मिटले. काजळ हाताला लागले तेव्हाच त्यांना कळले होते, की हे चोराचे काम नव्हे. चोर पुसतो, तीट लावत नाही.

"तुलसा, वर्ग दोनचा बोर्ड वाईट नसतो."

"तेच म्हणून राहिली मी!" ती एकदम उसळली. "एक्केचाळीस लेकरं, गुरुजी! एक्केचाळीस वाचली त्यावर. मार्चपर्यंत थांबली असती तं त्यातली किती गेली असती? तुमी हिशेबी माणूस. करा हिशेब. एक गेली, पण एक्केचाळीस..."

"वर्ग तीन एक्केचाळीस मोजत नाही," केवळराम म्हणाले. आपला आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "तो फक्त बेचाळिसावं मोजतो. त्यासाठीच तो आहे. आता उतरतंय ते विमान बघ. आज शंभरदा नीट उतरलं, म्हणून एकशे एकाव्या वेळी पडलं तर चालेल, असं त्यातल्या पोराच्या आईला तू सांगशील का?"

तुलसाने वर पाहिले नाही. ती बोर्डाकडे पाहत होती. तशीच म्हणाली, "नाई."

मग तिने हळूच विचारले, आणि केवळरामांना वाटले की सगळ्या चौकशीत खरा प्रश्न हा एकच होता: "पण गुरुजी, मशीन भेट दिली त्या दिवशी तुमाले बोलावलं होतं ना तपासाले. कागदावर तुमची सही पाहिली, अन् मी पहिल्यांदा सुखानं झोपली. मले वाटलं, गुरुजीनं पाहिलं. चूक असती तं गुरुजीनं सोडली नसती. तुमी पट्टीचा आकडा काऊन नाई विचारला?"

५

मंगळवारी दहा वाजता समिती बसली. प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली होती. कुंजीलाल मध्यभागी होते. एका अंगाला शकुंतलाबाई, दुसऱ्या अंगाला तुलसा. धनेंद्र मागे उभे होते. खांबाशी रेणू बसली होती, तिचा नवरा प्रफुल तिच्या पाठीशी. तिला दूध येत होते. पदर ओला होऊ नये म्हणून तिने छातीशी हात घट्ट आवळले होते.

केवळरामांनी उभे राहून सारे सांगितले: दोन तास दहा मिनिटे, अठरा मायक्रॉन, सात जोड्या. शकुंतलाबाई निर्दोष होत्या. मनिराम निर्दोष होता. तुलसाने स्वतः उठून 'मीच' म्हटले. कोणी आवाज चढवला नाही. प्रफुलने एकदा मूठ वळली आणि रेणूने ती हातात धरून उघडली.

"बाईंचं नाव साफ झालं, हे अच्छा झालं," कुंजीलाल घसा साफ करीत म्हणाले. "बाकीचं कायद्यानं होईल. अजून कोणाला विचारायचं आहे?"

रेणूने तुलसाकडे पाहिले. "काजळ कोणतं होतं? घरचं?"

"घरचं, माय. तुपाच्या दिव्यावरचं."

"मी तिले लावलंच नाई," रेणू म्हणाली. "आमच्यात पाचवीनंतर लावतात. म्हटलं, चार दिवसांनी लावू."

तुलसाने दोन्ही हातांनी तोंड झाकले. शकुंतलाबाई उठल्या, रेणूजवळ जाऊन बसल्या आणि त्यांनी तिचे डोके आपल्या खांद्यावर घेतले. पण रेणूने डोके वर उचलले. तिचे अजून संपले नव्हते.

"मी नववी शिकली, गुरुजी. तुमचे वर्ग मले समजत नाई. साधं सांगा. तो बोर्ड पास का नापास?"

"नापास."

"या बाईनं तेव्हाच नापास केला होता म्हणता. मग तो माझ्या पोरीजवळ आला, तवा मधात कोणी पाहाले नव्हतं का? तपासणारा कोणी नव्हता?"

केवळराम वळले. दारातल्या चौकटीपर्यंत सात पावले होती. त्यांनी ती मोजली. त्या दिवशी गळ्यात हार पडला होता, अकरा शिष्यिणी पाया पडल्या होत्या, आणि भेट नाकारू नये तशी भेट तपासूही नये, असे त्यांना वाटून गेले होते. एक प्रश्न विचारायचा राहिला होता: नमुना-पट्टीचा आकडा किती? तो विचारला असता, तर तुलसाला खोटे बोलता आले नसते. ती त्यांच्याशी कधीच खोटे बोलली नव्हती.

त्यांनी वाळलेल्या झेंडूची माळ काढली. चष्मा डोळ्यांवर चढवला. चौकट हातात घेऊन ते परत आले आणि ती रेणूच्या पुढ्यात ठेवली.

'तपासले. योग्य. केवळराम डोंगरवार.'

रेणूने सही वाचली. मग तिने त्यांच्याकडे पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता. फक्त विचारायचे उरले होते.

"अन् तपासणारा?"

"नापास," केवळराम म्हणाले.